गुरूशेजारी तीन ठिपके : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

वैद्य, ए-५०३ : गच्चीवरून काढलेला फोटो टाकलाय. दुर्बिणीला मोबाईल टेकवून काढला, म्हणून हललाय. मधला गोळा गुरू आहे एवढं ॲपने सांगितलं. पण त्याच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक ठिपका दिसतोय, तिन्ही एका रेषेत. हे काय असेल?

कुलकर्णी काकू, बी-१०२ : काचेवर धूळ असेल रे. मऊ फडक्याने पूस.

सेक्रेटरी : गच्चीचं दार उतरताना लावून घ्या. काल मांजर टाकीपर्यंत गेलं होतं.

देशपांडे सर, सी-७०१ : धूळ नाही वहिनी, गुरूचे चंद्र आहेत. ७ जानेवारी १६१० ला इटलीतल्या पदुआत गॅलिलिओलाही असंच दिसलं होतं. पूर्वेला दोन, पश्चिमेला एक.

ओंकार, ए-२०४ : आणि त्याला लगेच कळलं की हे मून्स आहेत!

देशपांडे सर : कसलं लगेच! फॉरवर्डमध्ये असतं तसं झालंच नाही. त्याला वाटलं, मागचे साधे तारे आहेत. दुसऱ्या रात्री बघतो तर तिन्ही पश्चिमेला. जोशी, आता तुम्ही सांगा. गुरू तेव्हा वक्री होता. मग ताऱ्यांमधून कुठे सरकायला हवा?

जोशी काका, बी-४०३ : पश्चिमेकडे. वक्री म्हणजे उलटा चालणार.

देशपांडे सर : म्हणजे ते तारे त्याच्या पूर्वेला मागे राहायला हवेत. झालं बरोब्बर उलटं. आणि गंमत बघा, गॅलिलिओला ठिपक्यांचा संशय आला नाही, गणिताचा आला. ग्रहांच्या जागांची कोष्टकं चुकली असतील, गुरू मार्गी झाला असेल, म्हणजे पूर्वेकडे सरळ चालत असेल, असं त्याला वाटलं. ९ तारखेला ढग. १० ला दोनच ठिपके, दोन्ही पूर्वेला. आता गुरू काही रोज पुढे-मागे उड्या मारणार नाही. मग हलतंय कोण? ठिपके. यावर त्याने पुढे पुस्तक छापलं, त्यात ११ तारखेला तो ठरवून टाकतो की हे गुरूभोवती फिरतायत. १३ ला चौथा दिसला.

जोशी काका : चौथा आधी कुठे दडला होता?

देशपांडे सर : ७ ला दोन चंद्र इतके चिकटून होते की त्याला एकच ठिपका दिसला. दुर्बीण वीसपट मोठं दाखवणारी, पण भिंगाच्या कडा खराब, म्हणून त्या पुठ्ठ्याने झाकलेल्या. एका वेळी आपला चंद्रसुद्धा पूर्ण मावायचा नाही तिच्यात. वैद्य, तुमची दुर्बीण कितीतरी बरी. तुमच्याकडे नाही ती एकच गोष्ट : त्याची वही. मधे गोल, बाजूला चांदण्या, शेजारी अंतर. २ मार्चपर्यंतच्या नोंदी पुस्तकात घेतल्या आणि १३ मार्चला व्हेनिसमध्ये पुस्तक बाहेर! ५५० प्रती. दुर्बीण तर तेव्हा युरोपात विकत मिळत होती, तिचा शोधही त्याचा नव्हे. एका रात्रीचं चित्र काहीच सांगत नाही, ओळीने चार-पाच रात्रींची चित्रं सांगतात. मला तरी खरा शोध तोच वाटतो.

ओंकार : पण सर, आता नव्वदच्या वर मून्स सापडलेत. चारांचं काय एवढं?

देशपांडे सर : पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं कोपर्निकसने मांडलं होतं. त्याच्या बाजूच्यांना तेव्हा लोक विचारत, पृथ्वी पळत असेल तर चंद्र मागे कसा राहत नाही? गुरू फिरतो हे तर दोन्ही पक्षांना मान्य होतं, आणि तो चार-चार चंद्र घेऊन फिरताना दिसला. आक्षेप तिथेच लंगडा पडला. मात्र यावरून पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सिद्ध झालं नाही हं. तसं लिहिलेलं काही आलं तर पुढे ढकलू नकोस.

कुलकर्णी काकू : लोकांनी लगेच मानलं?

देशपांडे सर : कुठलं! एप्रिलमध्ये बोलोन्यात माजिनी नावाच्या प्राध्यापकाकडे गॅलिलिओने दुर्बीण नेऊन दाखवली. वीसहून जास्त जण जमले होते. कोणालाच धड दिसलं नाही, असं माजिनीकडच्या हॉर्कीने खगोलशास्त्रज्ञ केप्लरला कळवलं. रोमचा म्हातारा गणिती क्लाव्हियस तर म्हणाला म्हणे, आधी दुर्बिणीतच ते तारे घालावे लागतील. म्हणजे तुमच्या धुळीच्या पक्षात मोठी माणसं होती वहिनी. वर्ष संपता संपता क्लाव्हियसने स्वतः पाहिलं आणि मान्य केलं.

वैद्य : आणि नावं? ॲपमध्ये आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो येतात.

देशपांडे सर : ती मारियुस नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १६१४ मध्ये छापली, सुचवली होती केप्लरने. गॅलिलिओला इटलीतल्या टस्कनीच्या दरबारात नोकरी हवी होती. ड्यूक कोसिमो मेदिची, म्हणून त्याने ‘कॉस्मिका’ तारे म्हणायचं ठरवलं. दरबारचा सेक्रेटरी विंटा म्हणाला, यातून नीट कळत नाही, घराण्याचं नाव द्या. तोवर छपाई सुरू झालेली! मग छापलेल्या पानांवर ‘मेदिचीया’च्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मेदिची भाऊही चार, चंद्रही चार. त्याच उन्हाळ्यात नोकरी पक्की.

सेक्रेटरी : आमच्या क्लबहाऊसच्या पाटीसारखंच झालं. तीही दोनदा रंगवावी लागली. सेक्रेटरीचं आधी ऐकत जा.

जोशी काका : या मारियुसचं प्रकरण काय?

देशपांडे सर : म्हणाला, मी २९ डिसेंबर १६०९ पासून या चंद्रांच्या नोंदी ठेवतोय. ऐकायला आधीची तारीख. पण ती जुन्या कॅलेंडरची, ते दहा दिवस मागे. नव्याने मोजली तर ८ जानेवारी १६१०. गॅलिलिओच्या दुसऱ्या दिवशी! गॅलिलिओने पुढे त्याला चोरच ठरवलं. माझं मत वेगळं, माणसाने स्वतः पाहिलं असावं.

साने मॅडम, ए-६०२ : सर, डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमरला विसरलात! आयो साधारण साडेबेचाळीस तासांनी फेरी पूर्ण करतो, गुरूच्या सावलीत जातो, बाहेर येतो. पॅरिसमध्ये रोमरच्या लक्षात आलं की पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की ही ग्रहणं मागे पडत जातात. १६७६ मध्ये त्याने आधीच सांगून ठेवलं, ९ नोव्हेंबरला आयो दहा मिनिटं उशिरा बाहेर येईल. आला.

ओंकार : म्हणजे आयो लेट नाही, लाईट लेट?

साने मॅडम : हो! पृथ्वीची अख्खी कक्षा ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असा त्याचा अंदाज. आज आपण साडेसोळाच्या आसपास म्हणतो. आणि आयोची कोष्टकं ज्याची होती, त्या पॅरिसच्याच खगोलशास्त्रज्ञ कासिनीला मात्र हे पटलं नाही.