कार्यशाळांवर रागावण्याआधी माझी एक्सेल शीट बघा

मोहफूल (गडचिरोली जिल्हा)
परवा इथं निवृत्त_मास्तर सरांनी लिहिलं की तालुक्याच्या कॉलेजांत प्रोग्रॅमिंग आणि ग्रँट रायटिंगच्या कार्यशाळा घेणं म्हणजे पैशाची नासाडी, लोक जेवायला आणि सर्टिफिकेटसाठी येतात, आणि ज्याला स्वतःचा विषय धड येत नाही त्याला प्रस्ताव लिहायला शिकवून काय फायदा. दोन दिवस गप्प बसले. आज बसमधे परत वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहून राहिले.

सर, ते जेवण मी पण जेवलेय. चार कार्यशाळा केल्या. पहिल्या तीन तुम्ही म्हणता तश्शाच. एका ठिकाणी हॉलमधे साठ माणसं, दिवसभर पीपीटी, एकाच्याही हातात कीबोर्ड नाही, पाच वाजता सर्टिफिकेट. बढतीच्या (कॅसच्या) फाइलला कागद लागला, डोक्यात काही शिरलं नाही. इथवर मी तुमच्याच बाजूची आहे.

पण चौथी वेगळी होती. तीन दिवस, वीस माणसं, आणि अट एकच की स्वतःचा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन यायचा. माझ्याकडे नऊ गावांच्या मोहफूल वेचणीच्या सहा वर्षांच्या नोंदी होत्या, ग्रामसभेच्या रजिस्टरवरून मीच उतरवलेल्या, कुठं किलो, कुठं पायली, कुठं नुसती टोपली. चौपन्न शीट. दोन उन्हाळे मी त्या हातानं एकत्र करत बसले होते. तिथं आर नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत दुपारभरात झालं ते, पण मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की शिकवणाऱ्या पोरीनं पहिल्यांदा तारखांचा आलेख काढायला लावला आणि विचारलं, मॅडम, तुमच्याकडे मोह जानेवारीत गळतो का?

माझ्या लॅपटॉपवर तारखेची सेटिंग अमेरिकन होती. १/४ म्हणजे १ एप्रिल लिहिलं की एक्सेल ते ४ जानेवारी करायचं, २/४ चं ४ फेब्रुवारी. बाराच्या पुढच्या तारखांना महिना मिळेना म्हणून त्या नुसता मजकूर म्हणून पडून राहिल्या, त्या मी 'खराब नोंदी' समजून काढून टाकल्या होत्या. मे ते डिसेंबरच्या वेड्यावाकड्या आल्या त्याही लिहिणाऱ्याची चूक म्हणून उडवल्या. उरल्या जानेवारी ते एप्रिलच्या. आणि त्यावर मी एका परिषदेत सांगून आले होते की हवामान बदलामुळे आमच्याकडचा मोह लवकर गळायला लागला! पेपर लिहायला घेतला होता सर. वनस्पतिशास्त्र मला येते, पंधरा वर्षं शिकवून राहिले. ती चूक विषय येतो म्हणून नाही, कार्यशाळेत बसले म्हणून सापडली.

आणि ग्रँटचं. माझा आधीचा प्रस्ताव अकरा उद्दिष्टांचा होता, पहिलं वाक्य "भारत हा वनसंपदेने नटलेला देश आहे". तिसऱ्या दिवशी एकमेकांचं एक-एक पान मोठ्यानं वाचायला लावलं. अकराची तीन उद्दिष्टं झाली, बजेटमधला एसी गेला. लहानसाच प्रकल्प, पण मंजूर झाला. तेव्हा कार्यशाळा बंद करा म्हणू नका, पीपीटीवाल्या बंद करा म्हणा, सही करायला पयली मी येईन.

निवृत्त_मास्तर (अमरावती)
मॅडम, तारखांचं तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल आदर आहे. असं कबूल करणारे आमच्या पिढीतही कमी होते. पण माझा मुद्दा तुम्ही बाजूला सारला. अवजारानं प्रश्न मिळत नाही. तुमच्याच जिल्ह्यात बंग दांपत्यानं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, ३९ गावांत काम आणि ४७ गावं तुलनेला, १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. जगभर त्याचा दाखला देतात. तिथं कोणती पायथनची कार्यशाळा झाली होती? गावात राहिले, मोजलं, प्रश्न बरोबर विचारला. आज पोरांना प्रश्न नाही आणि हातात सॉफ्टवेअर आहे. मी चाळीस वर्षं मार्गदर्शन केलं, यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

मोहफूल
बरं झालं सर तुम्हीच हे उदाहरण काढलं. ते दोघंही गडचिरोलीला यायच्या आधी संशोधनाची पद्धत शिकायला जॉन्स हॉपकिन्सला गेले होते, त्यांनी ते स्वतः कितीदा सांगितलंय. डॉक्टर असूनही शिकायला गेले. तुलनेला ४७ गावं ठेवायची हे नुसतं गावात राहून सुचत नाही, कुणीतरी शिकवावं लागते. आमच्या वाट्याला अमेरिका नाही, तीन दिवस येतात. तेही काढून घ्यायचे का?

तासिकेवरची (यवतमाळ जिल्हा)
एक पर्मनंट, दुसरे निवृत्त, म्हणून हे बोलणं परवडते. मी नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या कामावर आहे. नेट, सेट, पीएचडी तिन्ही. कार्यशाळेला गेले की त्या दिवसाच्या तासिका बुडतात म्हणजे पैसे बुडतात, वरून नोंदणी फी, वरून एसटी. ते पण केलं. ग्रँट रायटिंग शिकले, मन लावून शिकले, आणि मग कळलं की अर्ज करायला नियमित पद लागते. मुख्य संशोधक म्हणून माझं नावच चालत नाही. मंग एका कायम प्राध्यापकानं सांगितलं, तू लिही, नाव माझं टाकू, तुला प्रकल्प सहायक घेऊ. लिहिलं. मंजूर झालं. सहायक त्यांच्या भाच्याला घेतलं. कार्यशाळा चांगली की वाईट हा वाद तुम्ही घाला, मला एवढंच सांगा की शिकून मी करू काय.

मोहफूल
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. कार्यशाळेनं पद भरल्या जात नाही, हे मान्य.

खारपाणपट्टा (दर्यापूर)
लिहिणं शिकवता, मिळाल्यावरचं कोण शिकवणार? आमच्याकडं खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर प्रकल्प मिळाला, साधं चालकता मोजायचं यंत्र घ्यायचं. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर खरेदी करा, तीन कोटेशन, प्राचार्यांची सही, लेखा विभाग म्हणते खर्चाचं हे हेड आमच्याकडे नाही. यंत्र आलं तोवर पावसाळा लागला, विहिरी भरल्या, वर्ष गेलं. आणि पैसे कुठं खर्चले ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर नाही म्हणून दुसरा हप्ता अडला. पुढच्या कार्यशाळेत प्राध्यापकाच्या शेजारी कॉलेजचा अकाउंटवाला बसवा, त्याशिवाय सगळं व्यर्थ आहे. संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या एएनआरएफचा कायदा २०२३ ला आला तेव्हा ५०,००० कोटी म्हणाले, त्यातले ३६,००० कोटी खाजगीतून येणार म्हणे, राज्य विद्यापीठांना संधी म्हणे. येऊ द्या, पण आमच्या लेखा विभागातूनच जाणार आहेत ना ते पैसे?

संगणक_वर्धा
मी अशा कार्यशाळा घेतो म्हणून बोलतो. सॉफ्टवेअर कार्पेंट्री नावाची १९९८ ला सुरू झालेली चळवळ संशोधकांना हेच शिकवते, आता दोन दिवसांत, आम्ही त्यांची एक रीत उचलली, प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या, अडलं तर लाल लॅपटॉपवर लावायची. आमच्याकडे लोक हात वर करत नाहीत, विद्यार्थ्यासमोर अडलो असं दिसायला नको ना, पण चिठ्ठी लावतात. दुसऱ्या दिवशी हिरव्याच दिसतात. हे काम करते, मी पाह्यलंय. लॅपटॉप नसेल तर ब्राउझरमधेच प्रोग्रॅम चालवायचं गूगल कोलॅब मोबाइलवरही उघडते, त्रास होतो पण उघडते. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, फुकट.

एकच विनंती, मराठी आणि समाजशास्त्रवाल्यांनो, कृतिदेवमधल्या फायली घेऊन येऊ नका. त्यावर काहीच चालत नाही. तो फॉन्ट आता सोडा राजेहो.

दंडार (भंडारा)
हे वाक्य वाचून डोक्याची शीर तडतडली. "सोडा राजेहो" म्हणजे काय? बावीस वर्षं आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतली गाणी जमा केली, जात्यावरची, रोवण्याची, दंडारीची. चौदाशेच्या वर. ज्या बायांनी सांगितली त्यातल्या किती तरी आता नाहीत. सगळं कृतिदेवमधे आहे कारण टाइप करणाऱ्याले तेच येत होतं आणि विद्यापीठाले पण तेच चालत होतं. आता तुम्ही म्हणता सोडा. सोडून जाऊ कुठं?

संगणक_वर्धा
सर, तुमच्या भावना समजतो, पण हे भावनेचं नाहीच. कृतिदेवमधे मराठी साठवलेलीच नसते, इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि त्यांना मराठीचा चेहरा चढवलेला असतो. फॉन्ट काढला की 'मराठी' या शब्दाचं इ-जे-के-बी-एच होते. त्यात शोध लागत नाही, क्रमवारी लागत नाही, मोजता येत नाही. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, असे कितीतरी मराठी प्रबंध पडले आहेत, नाव सापडते पण आतला शब्द शोधला तर काहीच नाही. नक्कल तपासणीतही युनिकोडमधल्या, म्हणजे सगळ्या संगणकांच्या सामाईक अक्षरसंकेतातल्या मजकुराशी ते जुळत नाही. देवनागरी युनिकोडात १९९१ पासून आहे. तीस वर्षं झाली.

डीटीपी_ब्रह्मपुरी
आता मले बोलू द्या. मी ते प्रबंध टाइप केले. दोनशेच्या वर असतील. तीस वर्षं युनिकोड आहे म्हणता, पण आम्ही पानं लावतो त्या पेजमेकरमधे ते चालत होतं का? नाही चालत होतं. इनडिझाइनमधे पण २०१२ ले सीएस-६ आलं तवा कुठं मराठी जोडाक्षरं नीट बसाले लागली, ते पण वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केलं तर. छापखाना आजही फाइल कृतिदेवमधे मागते. आम्ही टायपिंगच्या परीक्षा रेमिंग्टन कळफलकावर पास केल्या, बोटं तशी बसली. रात्री दोन वाजेपर्यंत बसून तुमच्या प्राध्यापकांचं व्याकरण सुधारून देतो आणि नाव निघते त्याईचं. अन् आता सगळं आमच्याच डोक्यावर?

संगणक_वर्धा
दादा, रेमिंग्टन कळफलक युनिकोडमधेही चालतो, बोटं बदलावी लागत नाहीत. एवढं बघितलं असतं तर…

डीटीपी_ब्रह्मपुरी
बघितलं आहे! तुम्ही कन्व्हर्टर चालवून बघितलं का कधी? पहिली वेलांटी कृतिदेवमधे अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर. कन्व्हर्टरनं 'वर्षी' चं काय केलं ते दाखवू का? झाडीचे शब्द तर त्याले माहीतच नाहीत, म्हणून बिघडलं हे पण कळत नाही. चौदाशे गाण्यांतली प्रत्येक ओळ कोण तपासणार, तुम्ही? दोन दिवसांच्या कार्यशाळेत?

निवृत्त_मास्तर
हेच मी म्हणत होतो. मूळ विषय सोडून फॉन्टवर वाद.

दंडार
सर, तुम्ही नका म्हणू. आमचा विषयच भाषा आहे. भाषा कोणत्या रूपात जपून ठेवायची हा फॉन्टचा वाद नाही. गोंडीच्या लिप्यांनाही आता युनिकोडात जागा मिळाली, मसराम २०१७ ले आणि गुंजाला २०१८ ले. म्हणजे उद्या एखादं गोंड पोरगं आजीचं गाणं स्वतःच्या लिपीत शोधू शकन, आणि माझी झाडीची गाणी देवनागरीत असून सापडणार नाहीत. हे लिहितानाच मले समजून राहिलं की मी चूक बाजूनं भांडलो. पण संगणकवाल्यानं "सोडा" म्हणाले नको होतं. "आणा, मिळून करू" म्हणाले पाहिजे होतं.

संगणक_वर्धा
म्हणायला पाहिजे होतं. चुकलं.

मोहफूल
मी माझ्या कार्यशाळेबद्दल हेच सांगून राहिले होते ना वरती. आपला डेटा आणा, मग तो कसाही असो, कृतिदेवमधला असो की पायलीतला. तुम्ही सरांना "त्या फायली आणू नका" म्हणालात तिथंच ती कार्यशाळा पीपीटीवाली झाली. आणि तीन दिवसांनी संपते तेही खरं दुखणं आहे. माझ्या शिकवणारीनं पुढं सहा महिने फोन उचलले म्हणून मी टिकले, बाकीच्या एकोणीसपैकी किती जणांनी नंतर एक ओळ तरी लिहिली मला माहीत नाही.

दंडार
आज चाळीस गाणी कन्व्हर्टरमधून काढली. अकरात रफार चुकीच्या अक्षरावर गेला, सात ठिकाणी वेलांटी तुटली. पण चुका त्याच त्या आहेत, परत परत. ब्रह्मपुरीवाले भाऊ, तुम्ही चुकांची यादी करून द्याल का? वर्ध्याचे सर म्हणतात यादी असली तर एकदम दुरुस्त करायचा प्रोग्रॅम लिहिता येईन.

डीटीपी_ब्रह्मपुरी
देतो. पण यादीवर माझं नाव पाहिजे. छापील.

दंडार
पहिल्या पानावर टाकीन.

खारपाणपट्टा
अकाउंटवाल्याचं कोणीच बोललं नाही.

निवृत्त_मास्तर
कार्यशाळांविषयीचं माझं मत बदललेलं नाही. तथापि एकमेकांचा मसुदा मोठ्यानं वाचणं ही पद्धत चांगली आहे, आम्हीही पूर्वी करत होतो, नंतर सुटलं. यवतमाळच्या ताई, तुमचा प्रस्ताव मला पाठवा. मी ओळ न् ओळ वाचून देईन, माझ्याकडे आता वेळच वेळ आहे.

तासिकेवरची
पाठवते सर. मुख्य संशोधक म्हणून नाव कोणाचं टाकू, तेवढं आधी सांगा.