पाण्याच्या पेल्यांतून सूर दाखवायचाय, पण फरकच कळत नाही

बालवाडी_सिडको (नाशिक):
4 ते 5 वर्षांची 20 मुलं. स्टीलचे सहा पेले, चढत्या क्रमाने पाणी भरून चमच्याने वाजवतो. पहिले तीन मुलांना सारखेच ऐकू येतात. काच वापरायची नाही. काय बदलू?

गोदाकाठ:
ताई, सहा नको, एकाच मापाचे तीनच पेले घ्या. पेल्याचा काठ सगळ्यात जास्त थरथरतो, बूड जेमतेम. म्हणून अर्ध्यापर्यंत पाणी भरलं तरी सूर फारसा हलत नाही, खरा उतरतो तो त्याच्या वर. एक रिकामा, एक पाऊण, एक काठाखाली बोटभर. खाली पंचाची घडी ठेवा, नाहीतर टेबलच वाजतं. चमचा लाकडी, ठोका काठाजवळ, एकच आणि हलका. भांडी बाजारातून कांस्याची एखादी वाटी वाजवून पारखून आणलीत तर फारच छान. तिचा नाद लांबतो. मुलांनी डोळे मिटायचे आणि नाद पूर्ण विरला की हात वर करायचा. कान तयार करायला याहून सोपा खेळ नाही.

ताल_तीनताल:
बाटलीत फुंकून दाखवणार असाल तर तो दिवस वेगळा ठेवा. ठोकल्यावर भांडं आणि पाणी मिळून थरथरतं, पाणी वाढलं की वजन वाढून सूर खाली जातो. फुंकल्यावर वरची हवा थरथरते, पाणी वाढलं की हवेची जागा कमी होऊन सूर वर चढतो. दोन्ही एकदम दाखवलं की मुलं गोंधळणारच.

बालवाडी_सिडको:
पंचा आणि लाकडी चमचा लगेच करते. पण ‘बारीक आवाज कोणता?’ विचारलं की मुलं हळू वाजलेला पेला दाखवतात.

गोदाकाठ:
चूक मुलांची नाही, शब्दाची आहे. ‘टीव्ही बारीक कर’ म्हणजे हळू, आणि ‘चिमणीचा बारीक आवाज’ म्हणजे वरचा. ‘आवाज चढवू नकोस’चंही तेच. आधी आठवडाभर फक्त हळू-जोरात खेळा. मग सुरासाठी शब्दच नको: खालचा सूर आला की हात गुडघ्यावर, वरचा आला की डोक्यावर. दोन्ही पेले सारख्याच जोराने वाजवा, हे विसरू नका.

ताल_तीनताल:
ढोल-ताशावरही हेच हात चालतात: ढोलाला गुडघा, ताशाला डोकं. मात्र ढोल वर्गात नको, पत्र्याखाली तर नकोच, कान दुखतात. अंगणात एक पान (ताणलेलं तोंड) वर येईल असा उभा ठेवा, त्या पानावर ज्वारीचे दहा-बारा दाणे टाका आणि कडेला हलकी थाप द्या. दाणे उडताना दिसतात. दाणे मोजून टाका, मोजून उचला. या वयात नाकात जायला वेळ लागत नाही.