बाईक, दोन कयाक, चार सायकली नि चौघं जण: टॉय हॉलरसारखं काही गोव्यात जमेल का?

फोंड्याचा_भटक्या
मंडळी, डिसेंबरात मेहुण्यांकडे फीनिक्सला गेलेलो, त्यांच्याकडे टॉय हॉलर आहे, म्हणजे गाडीमागं ओढायचा कॅम्परच (आत झोपायची सोय असलेला ट्रेलर) पण मागं गॅरेज, मागचं आख्खं दार खाली पडतं नि त्याचाच रॅम्प होतो, क्वाडबाईक, म्हणजे चार चाकांची बाईक, सरळ आत. ती उतरवली की छताला लागलेले पलंग बटण दाबून खाली येतात, पोरं तिथंच झोपायची. परत आल्यापासून डोक्यातनं जात नाही. माझ्याकडे हिमालयन ४५० बाईक, कयाक (वल्हवायच्या अरुंद होड्या), सायकली, बायको, दोन पोरं. पावसाळा सोडला तर गोकर्ण, दांडेली, आंबोली चालूच असतं. पिकअपमागं असा ट्रेलर करून घ्यावा की व्हॅनचीच कॅरव्हॅन, म्हणजे राहायची गाडी, करावी? बायको म्हणते, आधी तो आपल्या गेटातनं आत कसा येणार ते सांग.

साखळीकर_डेन्व्हर
वैनींचा प्रश्न पहिला धर रे! सहा वर्षं वापरतोय म्हणून सांगतो, ब्रोशरवरचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. आमची पाण्याची टाकी १०० गॅलनची, म्हणजे पावणेचारशे लिटर, म्हणजे तेवढेच किलो, वर गॅस, सामान, क्वाड. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढं हिचवर, म्हणजे गाडीला जोडतात तिथं, यायला हवा. गॅरेज पडतं चाकांच्या मागं, तिथं जास्त वजन टाकलं की पुढचं नाक उचलतं नि शेपूट डोलायला लागतं. पहिल्याच ट्रिपला मी दोन्ही क्वाड पार मागं दाराला टेकवून बांधले, उतारावर बाजूनं कंटेनर गेला आणि आरशात माझाच ट्रेलर आधी डावीकडं दिसला मग उजवीकडं. बायको पुढचा तासभर बोलली नाही.
आणि पेट्रोलचा वास, तो फोटोत येत नाही. पोरं झोपायच्या आधी बाईक बाहेर, दार खिडक्या उघड्या, मॅटवर सांडलेलं पुसून काढायचं. गॅरेजला मधे भिंत असेल तर बरं.

डिचोलीचा_टिपरवाला
ट्रेलर विसर भाऊ. चोर्ला घाटाच्या वळणावर समोरनं ट्रक आला नि मागं घ्यायची वेळ आली की ट्रेलर नेमका उलट्या बाजूला वळतो, तेव्हा मेहुणे फोनवर काय सांगणार? शिवाय ट्रेलरलाही वेगळं रजिस्ट्रेशन लागतं. व्हॅनमध्ये मनाला येईल तशी तोडफोड केलीस तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ म्हणून वेगळे नियम आहेत, आरटीओत आधी विचार, मग वेल्डरला ॲडव्हान्स दे. मी उलटं केलं. पिकअपच्या हौद्यावर केबिन बसवली, वेल्डरनं साधा लोखंडी पाइप लावला, दोन पावसाळ्यांत बिजागऱ्या हातात आल्या. खाऱ्या हवेत स्टेनलेसचे पैसे वाचवू नको. नि बीचवर गाडी न्यायचं तर मनातही आणू नको, बंदी आहे, उघड्यावर रांधायलाही.
एक कर, खाणीचे ट्रक तोलायचे त्यातला एखादा वजनकाटा चालू असेल तर सगळं सामान भरून गाडी वर घाल.

काणकोणची_वैनी
मला एक कळत नाही. तिकडं क्वाड नि डर्टबाईक बहुतेक ठिकाणी रस्त्यावर चालवता येत नाहीत म्हणून ते लोक पोटात घालून नेतात. तुमच्या हिमालयनला नंबरप्लेट आहे ना? मग ती चालवतच का नेत नाही? करमल घाटातनं बाईक व्हॅनमध्ये निजवून नेणार म्हणजे घोड्याला पालखीत बसवल्यासारखं.

फोंड्याचा_भटक्या
वैनी, 😂 हे खरंच सुचलं नव्हतं.
काट्याचं नंतर बघू, आधी कागदावर मांडलं. बाईक १९६ किलो, कयाक ६०, सायकली ६०, तंबू शेगडी खुर्च्या ८० धरल्या, पाणी २०० लिटर. सहाशेला चार कमी! माणसं वेगळीच. बाईक काढली की चारशे राहतात, कयाक टपावर, सायकली मागच्या रॅकला, म्हणजे गॅरेजचं कामच उरत नाही, साधी व्हॅन, दोन पलंग नि मागं ओल्या सामानाचा एक कप्पा. पाणी पण १०० लिटरच नेतो, वाटेत भरता येतं.
हे सगळं जेवताना घरी वाचून दाखवलं. ठरलं असं की हिमालयन बायको चालवणार नि पोरांना घेऊन व्हॅनमध्ये मी.