‘डोळे झाकून डिझायर घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

पिवळी पाटी, हडपसर

काल इथे ग्रुपवर एका पोराने विचारलं, टॅक्सीला लावायला जुनी डिझेल गाडी कोणती घेऊ, बजेट चार लाख. त्यावर एका महाशयांचं उत्तर: ‘डोळे झाकून डिझायर घे. फियाटचं इंजिन आहे, तीन लाख किलोमीटर बोनेट उघडायची गरज नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. वाचून टाळकंच सटकलं. पोरगा पतसंस्थेचं कर्ज काढणार आहे राव, जरा जबाबदारीने लिहा.

इंजिन चांगलं आहे, कोण नाही म्हणतंय? पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि मारुतीने डिझेल बंद केलं. म्हणजे बाजारातली सगळ्यात तरुण डिझेल डिझायरसुद्धा पाच वर्षांच्या पुढची. त्यातली टूरवाली, म्हणजे टॅक्सीसाठीच काढलेली असेल तर हिंजवडीच्या पिकअप-ड्रॉपला दोन-दोन ड्रायव्हरांनी रात्रंदिवस ताणलेली. इंजिनात टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून लोक निर्धास्त असतात. ती चेन ताणून धरतं ऑइलचं प्रेशर. ऑइल मावतं तीन लिटरच्या आसपास. मालकाने ऑइल बदलायची टाळाटाळ केली की आत काळा चिखल होतो, चेन ताणणारा टेन्शनर ढिला पडतो आणि सकाळी स्टार्ट मारल्यावर पहिले काही सेकंद खडखड ऐकू येते. विकणारा म्हणतो, ‘डिझेल आहे, आवाज तर येणारच.’

तेव्हा मॉडेल नंतर. आधी ती गाडी कोणाच्या हाताखाली होती ते शोधा. सकाळी न सांगता जा, बोनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर विकणाऱ्याने तुमच्या आधी उठून गाडी तापवून ठेवली आहे. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा. भकाभका वाफ आली, तर चहा पिऊन घरी या. मीटरवर ऐंशी हजार आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत असेल, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या. माझ्या मावसभावाला एका एजंटाने अशीच चकचकीत सेडान दिली होती. चेसिस नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास काढला तर मीटरच्या दुप्पट रनिंग निघालं. तोपर्यंत गाडी नावावर झाली होती.

तीन लाखवाला, कात्रज

मीच तो महाशय. एवढा निबंध लिहिण्याआधी मला फोनच केला असता तर बरं झालं असतं. माझी २०१५ ची आहे, अष्टविनायक, शिर्डी, महाबळेश्वर, सगळं केलंय, अजून इंजिनाचं हेड उघडलेलं नाही. आणि गाडी अडली तर? नाना पेठेत तासाभरात पार्ट, गल्लीगल्लीत मेकॅनिक. टॅक्सीवाल्याला अजून काय पाहिजे? शिवाय इंजिन आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या फियाट कारखान्याचं!

पिवळी पाटी, हडपसर

तुमची चालली कारण तुम्ही स्वतः चालवता आणि ऑइल वेळेवर बदलता. तुमची गाडी विकायला काढा, तो पोरगा डोळे झाकून घेईल, मी मध्ये पडणार नाही.

नटबोल्ट

रांजणगावचं इंजिन टाटा आणि फियाटच्या गाड्यांत. मारुतीचं मानेसरला बनायचं.

तीन लाखवाला, कात्रज

२०१२ मध्ये मारुतीने फियाटकडून वर्षाला १ लाखापर्यंत इंजिनं घ्यायचा करार केला होता, तो कुठल्या कारखान्यातून? पूर्ण वाचत जा.

इटिऑस प्रेमी, मोशी

दोघेही डिझायरमध्येच अडकलेत. इटिऑस डिझेल बघा. १३६४ सीसी, यालाही चेन. डिकी ५९५ लिटर. २०१२ ला आलेल्या, चार मीटरच्या आत बसवलेल्या डिझायरची ३१६. लोहगाव विमानतळावर दुबईहून आलेली फॅमिली चार बॅगा घेऊन उभी असते, तेव्हा डिझायरवाला दोरी शोधत बसतो. दिसायला गरीब आहे, मान्य. म्हणूनच कोणी हौशी पोरगा ती पिदाडत नाही.

घाटवाला

इटिऑसची ताकद ६८ पीएस आणि आत पाच माणसं. बोरघाटात एसी लावून चढवून दाखव भाऊ. डिझायरचंही तेच, टर्बो दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेला असतो. घाटात एसी बंद, हा माझा नियम.

बाणेरची प्रवासी

आता कळलं! फक्त घाटात? चांदणी चौकात बंद, विद्यापीठ चौकात बंद, मे महिन्यात दुपारी दोनला बंद. ‘मॅडम, गॅस संपलाय.’ दर वेळी, दर गाडीत गॅस कसा संपतो हो? मी एसी गाडीचे पैसे भरते.

घाटवाला

ताई, तुम्ही ॲपवर भरता ते सगळे आमच्यापर्यंत येत नाहीत. भाडं ठरवणाऱ्या आरटीएने (प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने) २०२४ साठी एसी टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये ठरवले. एवढे द्या, स्वेटर घालायची वेळ आणतो.

बाणेरची प्रवासी

दराचं भांडण तुमचं आणि ॲपचं. त्यात घामाघूम मी का व्हायचं? गेल्या उन्हाळ्यात आईला डायलिसिसहून आणताना एका ड्रायव्हरने काच खाली करून ‘नैसर्गिक हवा घ्या’ असं सांगितलं होतं. त्याला काय म्हणू?

घाटवाला

ते चुकलंच त्याचं. पेशंट असेल तर मी स्वतःहून लावतो. पण सरसकट सगळ्यांना एका माळेत ओवू नका. गाडीचा हप्ता, विमा, डिझेल, आणि वर एक स्टार दिला की दोन दिवस भाडं नाही.

तीन लाखवाला, कात्रज

एसीने ॲव्हरेज फार पडतं हा गैरसमज आहे. माझा कायम चालू असतो.

घाटवाला

तुम्ही कंपनीच्या महिन्याच्या करारावर आहात. करारावर आम्हीपण दानशूर होतो.

गॅरेजवाले अण्णा, फुरसुंगी

भांडण आवरा, त्यातून कामाची गोष्ट घ्या. जुनी गाडी बघताना एसी फुल ठेवून वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये चालवा. नवले पूल उत्तम, तिथे ट्रॅफिक शोधावं लागत नाही. टेंपरेचरचा काटा वर सरकला तर रेडिएटर, फॅन किंवा हेड गॅस्केट. ज्या गाडीत एसी लावल्यावर इंजिनाचा जीव जातो, तिथे बहुतेक वेळा एसीचा कॉम्प्रेसर जाम होत आलेला असतो किंवा टर्बोचा पाइप फाटलेला असतो. ‘गॅस संपलाय’मागे कधीकधी हे असतं, ताई. नेहमी नाही.

आणि डिझायर-इटिऑस दोन्ही चालतील. बीएस-६ डिझेलपासून मात्र शहरात फिरणाऱ्याने जपून राहावं. त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला हायवेची मोकळी रनिंग लागते; हिंजवडीच्या पहिल्या गिअरमध्ये काजळी जळत नाही, साठत जाते.

हिरवा सिलिंडर

एवढा व्याप कशाला? सीएनजी घ्या.

इटिऑस प्रेमी, मोशी

पंपावरच्या रांगेत उभा राहून लिहितोयस ना?

हिरवा सिलिंडर

हो. पण पुढे पाचच गाड्या आहेत.

नवा भिडू, वाघोली

काल विचारणारा मीच. रात्रभर जागून सगळं वाचलं, एसीसकट. दोन गाड्या नजरेत आहेत. एक पिवळ्या पाटीची, म्हणजे टॅक्सीची, २०१८ ची डिझायर, स्वस्त. दुसरी एका निवृत्त काकांची पांढऱ्या पाटीची, खासगी इटिऑस, पन्नास हजारांनी महाग, सगळी बिलं फाइलला लावलेली.

पिवळी पाटी, हडपसर

काकांची. पण टोकन देण्याआधी आरटीओत जाऊन विचार, या वयाची पांढऱ्याची पिवळी करून परमिट देतात का. टॅक्स, स्पीड गव्हर्नर, कमर्शियल विमा, सगळा खर्च जोड. फिटनेसही लक्षात ठेव. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. डिझायर घेतलीस तर चलनं, फायनान्सची एनओसी आणि परमिट आधी, चावी नंतर.

तीन लाखवाला, कात्रज

काकांचीच घे. बिलांची फाइल असेल तर मीही डोळे उघडे ठेवून हो म्हणतो. झालं समाधान, हडपसर?

नवा भिडू, वाघोली

अण्णा, रविवारी गॅरेजला आणू का? थंड इंजिन बघायचंय तुम्हाला.

गॅरेजवाले अण्णा, फुरसुंगी

वाघोलीहून फुरसुंगीला चालवत आणल्यावर थंड राहील होय? सकाळी सातला काकांच्या दारात मीच येतो. पेट्रोलचे पैसे तुझे. आणि काकांना आधी फोन करू नकोस.