दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरसाठी स्वॉर्म सोडून कुबरनेटिसवर जावं का?

सांगलीचा_हळद्या:

आम्ही तिघं मिळून दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. गावच्या केंद्रावर फॅट-एसएनएफ मोजणाऱ्या यंत्राचा आकडा आमच्याकडे येतो, दर लागतो, पावती निघते, शेतकऱ्याला एसएमएस जातो. सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ, एवढीच काय ती धावपळ. बाकी दिवसभर सर्व्हर माशा मारत बसतात. अपवाद १० तारीख, २० तारीख आणि महिनाअखेर. त्या दिवशी दहा दिवसांची दूधबिलं निघतात आणि जावामधली बिलिंग सर्व्हिस मिळेल तेवढी मेमरी गिळते.

चार मशीन आहेत, प्रत्येकी ४ कोअर, १६ जीबी. डॉकर स्वॉर्मवर ११ सर्व्हिस, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम कंटेनरच्या बंद डब्यात आणि कुठला डबा कुठल्या मशीनवर चालवायचा ते स्वॉर्म बघतं. पोस्टग्रेस डेटाबेस वेगळ्या मशीनवर.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सहाला पहिलं मशीन बसलं. आमची समजूत अशी की त्यावरचे कंटेनर आपोआप दुसरीकडे उठतील. एकही उठला नाही. दुसऱ्या मशीनवर जाऊन सर्व्हिसची यादी मागितली तर उत्तर काय, की स्वॉर्मला लीडरच नाही! ४० मिनिटं केंद्रचालकांनी वहीत लिहून दूध घेतलं. फोन किती आले ते विचारू नका.

भागीदार म्हणतो, स्वॉर्म मेलंय, कुबरनेटिसवर चल. त्यातच एका मोठ्या संघाच्या निविदेत ‘कुबरनेटिस-आधारित’ असं लिहून आलंय. दोन रात्री व्हिडिओ बघितले, डोकं भणाणलं. सगळी कंटेनर सांभाळणारीच, पण घ्यायचं काय: स्वॉर्म, कुबरनेटिस, नोमॅड की ॲमेझॉनचं ईसीएस? चालवणाऱ्यांनीच सांगा.

क्लाउडखर्च:

तिघांच्या टीमनं स्वतः कुबरनेटिस उभं करू नये. तयार घ्या. ॲमेझॉनच्या ईकेएसला, म्हणजे तयार कुबरनेटिसला, क्लस्टरमागे (एकत्र चालणाऱ्या मशीनच्या गटामागे) तासाला १० सेंट, म्हणजे महिन्याला साधारण ७३ डॉलर, मशीनचे वेगळे. मात्र आवृत्ती जुनी होऊ दिलीत की तोच दर तासाला ६० सेंट होतो, आणि ही ओळ बिल येईपर्यंत कुणी वाचत नाही. ईसीएसला कंट्रोल प्लेनचं, म्हणजे क्लस्टर हाकणाऱ्या भागाचं, वेगळं भाडं नाही आणि शिकायलाही सोपं, पण मग ॲमेझॉन सोडून हलता येत नाही.

लॉगवाचक:

थांबा. आधी एकच सांगा, चार मशीनपैकी मॅनेजर, म्हणजे कुठलं काम कुठे चालवायचं ते ठरवणारी, किती?

सांगलीचा_हळद्या:

दोन. एक गेला तर दुसरा आहेच, म्हणून.

लॉगवाचक:

वाटलंच.

तुमच्या स्वॉर्मनं काही गुन्हा केलेला नाही. मॅनेजर राफ्ट पद्धतीनं मतं घेऊन ठरवतात आणि निम्म्याहून जास्त हजर असल्याशिवाय काहीही ठरत नाही. दोघांतले निम्म्याहून जास्त म्हणजे दोघंही. एकच मॅनेजर असता तर फक्त ते एक मशीन गेल्यावर गाडी अडली असती. आता दोनपैकी कुठलंही गेलं तरी अडते. जास्तीचा मॅनेजर नेमून धोका वाढवलात. (रागावू नका, २०१७ साली मीही हेच केलं होतं, आणि वर साहेबांना ‘आता आपण सेफ’ असा मेल पाठवला होता.) तीन केलेत तर एक गेलेला चालतो, पाच केलेत तर दोन. चार केलेत तरी एकच.

आणि हा हिशोब पाठ सोडत नाही. कुबरनेटिसची सगळी माहिती एटसीडी नावाच्या डेटाबेसात असते, तिथेही राफ्टच. नोमॅडच्या सर्व्हरचंही तेच. म्हणजे ‘दोन आहेत की’ हीच समजूत घेऊन तिकडे गेला असतात तर मंगळवारची संध्याकाळ तिकडेही अशीच गेली असती.

माझं कुबरनेटिसशी वैर नाही, पोट त्यावरच आहे. नाव मूळ ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. कोकणात आपण तांडेल म्हणतो तो. पण या तांडेलाचा पगार कळावा म्हणून आधीच्या नोकरीतली गोष्ट सांगते. कुबॲडम या कुबरनेटिस उभारायच्या साधनानं क्लस्टर उभा केला, छान चालला, म्हणून कुणी हात लावला नाही. क्लस्टरचे भाग एकमेकांना ओळख पटवायला कुबॲडम जी सर्टिफिकेटं बनवतो त्यांची मुदत एक वर्ष. वर्ष भरलं, सर्टिफिकेटं संपली आणि काहीच झालं नाही! चालू पॉड (कुबरनेटिस कंटेनर ज्यात चालवतं ते) चालूच होते. दोन दिवसांनी एक नोड, म्हणजे क्लस्टरमधलं एक मशीन, रीबूट झाला, तेव्हा त्यावरचं काहीच परत उठेना, कारण सगळ्या आज्ञा घेणाऱ्या एपीआय सर्व्हरशी कुणी बोलूच शकत नव्हतं. सर्टिफिकेटं नवी करूनही भागलं नाही, कंट्रोल प्लेनचे पॉड पुन्हा चालू करावे लागले, आणि हे कळेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. मधे एकदा जरी आवृत्ती वाढवली असती तरी सर्टिफिकेटं आपोआप नवी झाली असती.

पण आवृत्ती वाढवणं हेच तर खरं काम आहे. वर्षाला तीन आवृत्त्या येतात, प्रत्येकीला साधारण १४ महिने आधार. ऑगस्ट २०२१ मध्ये १.२२ आली आणि इंग्रेसची (बाहेरची विनंती योग्य सर्व्हिसकडे नेणाऱ्या सोयीची) जुनी बीटा पद्धत काढूनच टाकली. काय कसं चालवायचं ते लिहिलेल्या आमच्या निम्म्या यामल फायली एका सकाळी निरुपयोगी. तुमच्या तिघांत हे कोण करणार? ज्याचं नाव तुमच्या डोळ्यांसमोर आलं, त्याच्याकडे आत्ताच केंद्रांचे फोनही असणार.

म्हणून सध्या स्वॉर्मवरच राहा. २०१६ पासून ते डॉकर इंजिनातच आहे, २०१९ मध्ये डॉकरचा एंटरप्राइझ धंदा मिरँटिसनं घेतला, त्यानंतर नवीन फारसं येत नाही हे खरं. मेलेलं मात्र नाही. तिसरं मशीन मॅनेजर करा, आणि तिन्ही मॅनेजर पुरवठादाराच्या एकाच लोखंडी डब्यावर (प्रत्यक्ष सर्व्हरवर) नाहीत ना तेवढं विचारून घ्या.

बिलिंगला मेमरीची मर्यादा घाला, नाहीतर १० तारखेला ती शेजारच्या सर्व्हिसला मारते आणि तुम्ही १३७ हा, जबरदस्तीनं मारल्याचा, एक्झिट कोड घेऊन शेजारणीच्या कोडमध्ये चूक शोधत बसता. मर्यादा घातल्यावर जावाची हीपही (ती स्वतःच्या डेटासाठी धरते ती मेमरी) बघा. काही सांगितलं नाही तर ती मर्यादेचा पावच भाग वापरते. ४ जीबी दिलेत तर हीप १ जीबी.

स्वॉर्मला भार बघून आपोआप वाढता येत नाही, अशी तक्रार कुणीतरी करेलच. तुम्हाला त्याची गरज काय? म्हशी वेळ चुकवत नाहीत. सव्वापाचला क्रॉननं (ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीनं) केंद्रांच्या विनंत्या घेणाऱ्या एपीआयच्या प्रती दोनाच्या सहा करा, नऊला परत दोन.

निविदेचं म्हणाल तर ती मिळाल्यावर के३एस बघा. छोटं आहे, पण प्रमाणित कुबरनेटिसच आहे, त्यामुळे कागदावर खोटं बोलावं लागणार नाही. फक्त एका सर्व्हरवर लावलं तर ते एटसीडीऐवजी एसक्यूलाइट हा त्याच मशीनवरचा छोटा डेटाबेस वापरतं. तो सर्व्हर गेला की पुन्हा मंगळवार.

म्युनिकहून_मी:

नोमॅडची बाजू कुणी घेत नाही म्हणून मी घेतो. एकच बायनरी (चालवायची एकच फाइल), आणि कंटेनर नसलेलंही चालवतं. आमच्याकडे गोदामात एक जुनी जार फाइल (जावाचा प्रोग्राम) आहे, तिला कंटेनरमध्ये कोंबायची कुणाची हिंमत नव्हती, नोमॅडनं जशीच्या तशी चालवली. ऑगस्ट २०२३ मध्ये हाशीकॉर्पनं परवाना बदलला, नंतर कंपनीच आयबीएमकडे गेली. स्वतःच्या वापराला अडचण नाही, पण आमच्या वकिलाला समजावण्यात एक महिना गेला. सांगलीत नोमॅड येणारा माणूस मिळेल का, हा प्रश्न मात्र आहेच.

सांगलीचा_हळद्या:

रविवारी दुपारी एक वाजता, म्हणजे गवळी झोपलेले असताना, केलं. तिसरं मशीन मॅनेजर केलं, मग मुद्दाम पहिलं मशीन बंद केलं. भागीदार मोबाइलवर सेकंद मोजत होता, मी देवाचं नाव घेत होतो. ३४व्या सेकंदाला एपीआय दुसरीकडे उठलं. बिलिंगला दीड मिनिट लागलं, तिचं नेहमीचंच.

अकरापैकी दहा उठल्या. एसएमएसची उठेना, प्रत्येक मशीनवर जाऊन ‘इमेज नाही’ (कंटेनर ज्यावरून उठतो तो साचा नाही) म्हणून परत येतेय. शोधल्यावर कळलं, ती इमेज मीच दोन वर्षांपूर्वी पहिल्या मशीनवर बसून बांधली होती, सगळ्या मशीनना जिथून इमेज मिळते त्या रजिस्ट्रीत कधी टाकलीच नाही. तेव्हापासून ती सर्व्हिस त्या एकाच मशीनवर चालत होती.

लॉगवाचक:

आता किती वाजलेत? साडेपाचच्या आत रजिस्ट्रीत पुश करा.