मोल्डची आणि डिप केलेली चॉकलेटं: तुम्ही कोणतं चॉकलेट वापरता? अनुभव लिहा

घरी चॉकलेटं करायची म्हटलं की माझं घोडं इथेच अडतं, आणायचं काय? कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरं फॅट घातलेलं), कुव्हर्चर (भरपूर कोको बटरचं, म्हणजे कोकोच्या बियांतल्या फॅटचं) की साधा खायचा बार? तिन्ही करून झालंय आणि तिन्ही वेळा फजिती. तर लिहा सगळ्यांनी, फसलेले आधी.

---

मग माझाच घ्या. अर्धं कंपाउंड उरलेलं, अर्धं कुव्हर्चर, म्हटलं एकत्र वितळवू, चवही येईल आणि टेम्परिंगही (चकाकी धरून घट्ट व्हावं म्हणून मोजून गरम-गार करणं) वाचेल. कसलं काय! दोन दिवसांनी पण बोट लावलं की ठसा उमटायचा आणि नंतर वर पांढुरके डाग. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी बऱ्याचदा पाम कर्नेल तेल असतं आणि त्या दोन फॅट्सचं आपसात पटत नाही, हे नंतर कळलं. आता पाकीट उलटं करून घटकांत कुठलं फॅट आहे ते आधी वाचते.

---

मी कुव्हर्चरवाला. कोको बटर निदान ३१ टक्के, त्यामुळे वितळल्यावर छान पातळ होतं, मोल्डच्या कानाकोपऱ्यात जातं. पण थर्मामीटर हवाच, अंदाजपंचे नाही चालत. डार्क ४५ अंशांच्या वर नेऊन पूर्ण वितळवतो, मग २७-२८ पर्यंत खाली आणि परत ३१-३२ ला आणतो, मिल्कला तो शेवटचा आकडा २९-३०. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे होतात, त्यातला पाचवाच आपल्या कामाचा, तो जमला की चॉकलेट सेट होताना जरासं आकसतं आणि मोल्ड उलटा केला की टपाटप पडतात. नाही पडली तर मोल्डला शिव्या देऊ नका :) सुरीच्या टोकाला थोडं लावून बघायचं, पाचेक मिनिटांत चकाकी धरून घट्ट झालं तरच मोल्ड भरायला घ्यायचे.

---

एवढा खटाटोप कोण करणार! मुलं मदतीला असली की कंपाउंडच. तोंडात मेणचट लागतं, मान्य.

---

डिपिंगला चॉकलेट चिप्स नका घेऊ. बेक करताना आकार टिकावा म्हणून त्यात कोको बटर कमी असतं, वितळून नुसता लगदा. मी वर शहाणपणा करून चमचाभर दूध घातलं, झाला गोळा! मग अजून गरम दूध ओतून सॉस केला, संपला तो.

---

माझे फिलिंगचे गोळे फ्रीजमधून काढून थेट बुडवले होते, तासाभरात प्रत्येकाला तडा. गार गोळा नंतर फुगतो आणि वरचं कवच तोवर कडक झालेलं असतं. आता आधी बाहेर काढून ठेवते. आणि फिलिंग गोड असेल तर डार्कच, व्हाइटमध्ये बुडवलेलं एकापुढे खाववत नाही.

---

व्हाइटवरून आठवलं, त्यात नेहमीचा पाण्यातला रंग घातला आणि घट्टच झालं की हो!

---

होणारच, पाणी लागलं ना. चॉकलेटसाठी तेलातले रंग मिळतात ते घ्या, आणि भांडं-चमचा पण कोरडा ठणठणीत हवा.