मदत हवी आहे: सकाळी गाडी गरम करायला घेतली की एमसीबी पडते (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतली, बॅटरी ३० युनिटची. इथल्या लष्कर भागात जुन्या वाड्यात राहतो. गाडीबरोबर आलेला चार्जर ओसरीतल्या १५ अँपियरच्या सॉकेटला लावते. माझं जाणं-येणं मुरारच्या शाळेपुरतं, त्यामुळे महिनाभर सगळं सुरळीत होतं.

थंडी पडली आणि कटकट सुरू झाली. पहाटे पारा पाच-सहावर, धुकं इतकं की समोरचं घर दिसत नाही. साडेसहाला अंथरुणातूनच अ‍ॅपवर गाडीचा हीटर लावते, म्हणजे निघताना आत ऊब असते. तर दहा-पंधरा मिनिटांत एमसीबी (जादा करंट झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडते. रात्रभरच्या चार्जिंगला कधीच नाही. रविवारी मुद्दाम करून पाहिलं, तेव्हाही नाही!

काल प्लग काढताना चटका बसला. एका पिनेच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी झालंय. सासरे म्हणतात, "रात्री गाडी लावायची नाही, घर जाळशील." वायरमन म्हणतो, ३२ची एमसीबी टाकतो, पडणारच नाही. काय करू? सध्याची १६ची आहे, त्याच लाइनवर २ किलोवॉटचा गीझर.

प्रतिसाद १
ताई, ३२ची अजिबात लावू देऊ नका. वायर तीच जुनी राहणार, मग एमसीबी पडायच्या ऐवजी वायर जळेल.

रविवारी गीझर उशिरा लागला असणार, पैज! रात्री गाडी एकटीच १३ अँपियरच्या आसपास घेते आणि भरली की थांबते. साडेसहाला हीटर लागला की प्लगमधून पुन्हा तेवढाच करंट सुरू. त्यात गीझरचे नऊ, झाले बावीस. एवढ्या जादा भाराला १६ची एमसीबी झटक्यात पडत नाही, तापून पडते.

प्लगचं दुखणं मात्र वेगळं, ते एमसीबीला कळत नाही. सॉकेटमधल्या पत्त्या सैल झाल्या की तिथेच उष्णता होते. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी सात-सात तास चालते. तो सॉकेट आजपासून बंद करा. पोळलेला प्लग नव्या सॉकेटमध्येही घालू नका, तोही खराब होईल. चार्जर वॉरंटीत दाखवा. मीटरपासून स्वतंत्र लाइन घ्या: ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, २०ची एमसीबी, ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). अर्थिंग तपासूनच. जुन्या वाड्यांत ते बहुधा नावालाच असतं.

प्रतिसाद २
तोवर प्लग काढूनच गाडी गरम करा की. ३ किलोवॉटचा हीटर दहा मिनिटं म्हणजे अर्धा युनिट, फार तर तीन-चार किलोमीटर कमी. मुरारला जाऊन यायला काय लागतंय? आतून काच धुरकटत असेल तर हीटरबरोबर एसीही लावा आणि बाहेरची हवा आत घ्या. एसी हवेतला ओलावा काढतो.

धागाकर्ती
गीझरचं अगदी बरोबर! रविवारी आमच्याकडे नऊच्या आधी कोणी न्हात नाही. मेन बंद करून सॉकेट उघडला, एक पत्ती काळी ठिक्कर. सासरे स्वतः टॉर्च धरून उभे होते. आता त्यांचाच प्रश्न: मीटरवर मंजूर लोड ३ किलोवॉट आहे, स्वतंत्र लाइन घेतली तर तो वाढवून घ्यावा लागेल ना? आणि गाडीसाठी वेगळा मीटर घेतलेलं कोणी आहे का इथे?